शेतात राबणाऱ्या अंगालाही लवचिकता कमवावी लागते का?

धरणगाव तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे. वडील ५९ वर्षांचे, कापूस आणि मका, अजून रोज शेतात जातात. गेली दोन वर्षं त्यांना मांडी घालून बसता येत नाही. मागच्या श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या, रोटांना (उत्सवातल्या प्रसादाच्या जेवणाला) सगळी भाऊबंदकी खाली पंगतीला बसली आणि वडील एकटे खुर्चीवर. तेव्हापासून ते कुणाच्या पंगतीला जायचंच टाळतात. व्यायामाचा विषय काढला की म्हणतात, "दिवसभर राबतो, तो काय व्यायाम नाही?" मुलगा स्वतः ३३ वर्षांचा, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून संगणकावर करतो, क्रिकेट खेळायला जातो, पण मान आणि पाठ कायम आखडलेली. त्याला दोन गोष्टी हव्या आहेत. लवचिकता, मोबिलिटी या गोष्टी तब्येतीला खरंच लागतात की हे शहरातलं फॅड आहे? आणि लागत असतील तर या वयात त्या परत मिळतात का?

लागतात. आणि बऱ्याच अंशी परत मिळतात. मी जळगावात २४ वर्षं फिजिओथेरपी करते आहे, त्या अनुभवावरून सांगते.

वडिलांच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा ऐकते आणि त्यात तथ्य आहे. त्यांचा दम, हाताची पकड, पायी चालण्याची ताकद यांना मी नावं ठेवणार नाही. पण यंदा वेचणी सुरू होईल तेव्हा बांधावर उभं राहून दहा मिनिटं त्यांच्याकडे बघा. गुडघे जवळजवळ सरळ, अंग कंबरेतून अर्धं वाकलेलं, पोटाला बांधलेली ओटी, मान खाली, हात छातीच्या खालीच. एक सरी संपली की दुसरी. या सगळ्या वेळात हात एकदाही डोक्यावर जात नाही, पाठ मागे वाकत नाही, मांडी बाहेरच्या अंगाला वळत नाही, गुडघा पुरता मिटत नाही. कष्ट भरपूर झाले, पण सांध्यांच्या पूर्ण हालचालीतला मधला एक तुकडाच दिवसभर वापरला गेला. शरीर जी वाट रोज तुडवतं तीच मोकळी राहते. पुढची वाट वापरात नसलेल्या पांदीसारखी बुजत जाते.

पूर्वी ती बुजत नव्हती, याला कारण आहे. निंदणीला बाया उकिडव्या बसून सरकत जात. माणसं बांधावर उकिडवी बसून भाकरी खात. धार काढायची ती उकिडवं बसून, चुलीपुढे, मोरीत, शौचाला, सगळीकडे तीच बैठक. दिवसातून वीस-पंचवीस वेळा घोटा, गुडघा आणि खुबा पूर्ण मिटायचे आणि पूर्ण उघडायचे. आता तणनाशक आलं, मोटरसायकल थेट बांधापर्यंत जाते, घरात ओटा आला, कमोड आला, जेवायला टेबल आलं. या सोयींच्या मी विरोधात नाही. म्हाताऱ्या बाईला रात्री बाहेर जावं लागत नाही याचा मला आनंदच आहे. पण झालं असं की आपल्याकडे कष्ट राहिले आणि उठबस गेली. तुमच्या वडिलांचं नेमकं हेच झालं असावं.

आता लवचिकता आणि मोबिलिटी. हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, पण तपासणीच्या टेबलावर त्यातला फरक लगेच कळतो. वडील उताणे झोपले आणि मी त्यांचा पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलला, तर तो जिथपर्यंत जाईल ती लवचिकता. तोच पाय त्यांनी स्वतःच्या बळावर उचलला आणि तिथे धरून ठेवला, तर ती मोबिलिटी. समजा मी ऐंशी अंशांपर्यंत नेला आणि त्यांना स्वतःला पन्नासच जमला. मधल्या तीस अंशांत सांधा जाऊ शकतो, पण तिथे त्याला सांभाळणारा स्नायू हजर नाही. नाल्यावरून उडी मारताना, ओल्या चिखलात पाय सटकताना शरीर नेमकं त्याच पट्ट्यात जातं. म्हणून नुसतं ताणत बसण्याला मी अर्धंच काम मानते. जितकी जागा मोकळी केली तितक्या जागेत ताकदही भरावी लागते. काही जणांचे सांधे जन्मतःच सैल असतात. अंगठा मागे दाबला तर मनगटाला टेकतो, कोपर उलटं वाकतं. अशांनी आणखी ताणू नये, त्यांना ताकदीचेच व्यायाम लागतात.

गुडघा कुरकुरला की आपल्याकडे पहिलं वाक्य येतं, "वंगण संपलं." आणि लगेच पुढचं, "आता जपून वापरा." मशीनचा हिशेब सांध्याला लावल्यामुळे फार नुकसान झालं आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं खाणंपिणं सांध्यातल्या द्रवातून होतं. कापसाचा बोळा पाण्यात दाबून सोडला की तो पाणी ओढतो, तसं सांध्यावर भार येतो आणि सुटतो तेव्हा कूर्चा तो द्रव घेते. हालचाल बंद केली तर तिचं जेवणच बंद केल्यासारखं होतं. मर्यादाही सांगते. वर्षानुवर्षं रोज दोन-दोन तास सलग उकिडवं किंवा गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्यांत, विशेषतः वर ओझं उचलावं लागत असेल तर, गुडघ्याची झीज जास्त दिसते. बैठक दिवसात अनेकदा, थोडी-थोडी व्हावी. एकाच अवस्थेत अडकून पडणं सांध्याला मानवत नाही, मग ती अवस्था खुर्चीतली असो की निंदणीतली.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत गुडघे दुखणाऱ्या प्रत्येकाला मी एकच वाक्य सांगत असे, "खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कायमचं." शिकताना तसंच ऐकलं होतं. यावल तालुक्यातल्या एका मावशींनी ते तंतोतंत पाळलं. चार वर्षांनी त्या अंगणात घसरल्या. हाड मोडलं नव्हतं, फार लागलंही नव्हतं. घरची माणसं केळीच्या कापणीला गेलेली. मावशींना जमिनीवरून उठताच आलं नाही. हात टेकवून गुडघ्यावर येणं, एक पाय पुढे घेणं, यातली एकही हालचाल शरीराला आठवत नव्हती. एप्रिलच्या उन्हात त्या तापलेल्या फरशीवर दोन तासांहून जास्त पडून होत्या. मला हे कळलं तेव्हा मी माझं वाक्य बदललं. ज्या दिवशी माणूस जमिनीशी संबंध तोडतो, त्या दिवसापासून जमिनीवर पडण्याची भीती त्याच्या घरात राहायला येते.

याच विषयावर ब्राझीलमधल्या क्लॉडिओ गिल अराउजो या डॉक्टरांचं काम बघण्यासारखं आहे. त्यांची चाचणी साधी आहे. उभ्याने जमिनीवर बसायचं आणि परत उठायचं. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात, कोपर किंवा गुडघा टेकवला की दर टेकीला १ गुण कमी, तोल डळमळला तर अर्धा कमी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ ते ८० वयाचे २००२ लोक होते आणि त्यांच्यावर सुमारे ६ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना ० ते ३ गुण मिळाले त्यांच्यात मृत्यूचा धोका ८ ते १० गुण मिळवणाऱ्यांच्या पाच पटींहून अधिक आढळला. २०२४ साली त्यांच्याच गटाने ४६ ते ६५ वयाच्या ३१३९ लोकांच्या वीस वेगवेगळ्या हालचाली मोजून असाच कल दाखवला. घाबरून जाऊ नका. खाली बसता येत नाही म्हणून माणूस मरतो, असं यातून सिद्ध होत नाही. उठबस करायला मांड्यांची ताकद, तोल, सांध्यांची मोकळीक आणि आटोक्यातलं वजन हे सगळं एकत्र लागतं, म्हणून ती एक हालचाल पूर्ण शरीराची पावती देते. वडिलांची चाचणी घ्यायची तर शेजारी तुम्ही उभे राहा, समोर मजबूत खुर्ची ठेवा. गुडघा सुजलेला असेल किंवा सांधा बदललेला असेल तर घेऊच नका.

खांद्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. खापरावरची पुरणपोळी करणारी बाई तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल, पण माझ्या नजरेने एकदा बघा. सैल कणकेचा पुरण भरलेला गोळा ती दोन्ही तळव्यांवर घेते, या हातावरून त्या हातावर झेलते, पोळी मनगटाच्या पुढे सरकते, कोपरापर्यंत येते. कोपरं अंगाजवळ आणि हात बाहेरच्या बाजूला उघडत जातात. मग दोन्ही हात पुढे करून ती पोळी चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर अलगद पसरते. हात बाहेर उघडण्याची ही जी हालचाल आहे, खांदा गोठायला लागला की सगळ्यात आधी तीच जाते. माझ्याकडे पारोळ्याकडच्या एक ताई आल्या होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी खांदा दुखतो असं सांगितलंच नाही. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, पोळी हातावर मोठी होत नाही, फाटते." कणकेला दोष देत होत्या, गहू बदलून पाहिले होते. उजवा खांदा बाहेर जेमतेम वीस अंश उघडत होता. त्यांना साखर होती.

साखर आणि आखडणं यांचं नातं लोकांना ठाऊकच नाही. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती शरीरातल्या चिवट धाग्यांना, म्हणजे कोलॅजनला, चिकटते आणि ते धागे ताठर होतात. गोठलेला खांदा मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा बराच जास्त दिसतो. बोटंही आखडतात. याची घरच्या घरी करायची तपासणी आहे. नमस्कार करा, तळवे आणि बोटं एकमेकांवर पूर्ण दाबा. बोटांच्या मधे फट राहते का? बोटं सरळ होऊन टेकत नाहीत का? मग साखर तपासून घ्या. तुमच्या वडिलांना साखर आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. दोन वर्षांत एवढं आखडले असतील तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्याच. पारोळ्याच्या त्या ताईंचा खांदा सुटायला चौदा महिने लागले. गोठलेला खांदा सुरुवातीच्या ठणकत्या काळात जोर लावून ओढला की जास्त चिडतो. त्या काळात गोडीगुलाबीने हलवायचा, रग लागेल इतकाच, आणि ठणका उतरला की मग ताण वाढवायचा. कुणी पकडून झटका देत असेल तर तिथून उठून या.

आता वडिलांचं काय करायचं ते सांगते. आधी फॅमिली डॉक्टरांकडून किंवा हाडांच्या डॉक्टरांकडून गुडघा आणि खुबा तपासून घ्या. मांडी घालता येत नाही म्हटलं की सगळे गुडघ्याकडे बघतात. पण मांडी घालताना खुबा बाहेर वळावा लागतो, आणि कितीतरी वेळा अडलेला तोच असतो. मोठं काही निघालं नाही तर कामाला लागा.

पहिलं माप घोट्याचं. भिंतीसमोर उभं राहायचं, एक पाय पुढे, टाच जमिनीला घट्ट. गुडघा वाकवून भिंतीला टेकवायचा. टेकला की पाय थोडा मागे घ्यायचा आणि पुन्हा टेकवायचा. टाच न उचलता अंगठा भिंतीपासून जितका लांब जाईल ते माप. साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीपेक्षा जरा कमी, आलं तर घोटा ठीक. चार-पाच आलं तर उकिडवं बसताना ते मागे पडणारच, गुडघे कितीही चांगले असले तरी. हेच माप हाच व्यायाम. दोन्ही पायांनी पंधरा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मला हा व्यायाम सगळ्यात आवडतो, कारण त्याला कपडे बदलावे लागत नाहीत आणि माणूस दर आठवड्याला भिंतीवर खूण करू शकतो.

मग बाजेची किंवा खिडकीच्या गजांची मदत. गज दोन्ही हातांनी धरायचे, टाचांखाली घडी घातलेलं पोतं सारायचं, आणि जितकं सुखाने जमेल तितकंच खाली जायचं. तिथे पाच श्वास थांबायचं, वर यायचं. पाच वेळा. पहिले पंधरा दिवस ते निम्म्यावरच थांबतील, थांबू द्या. उताणं झोपून एक-एक गुडघा छातीशी ओढणं, आणि दोन्ही गुडघे उभे करून एकत्र डावीकडे-उजवीकडे निजवणं, हे अंथरुणातच, उठायच्या आधी. खुब्यासाठी बाजेच्या कडेला बसून एका पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवायचा आणि पाठ सरळ ठेवून पुढे झुकायचं. पाय मांडीपर्यंत चढत नसेल तर नडगीपर्यंत चालेल.

ताण किती वेळ धरायचा, हे सगळे विचारतात. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची शिफारस मी वापरते. प्रौढांना १० ते ३० सेकंद, वयस्करांना ३० ते ६० सेकंद, एका स्नायूला मिळून सुमारे एक मिनिट, आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस. रोज केलं तर अधिक चांगलं. झटके द्यायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगा. तीन-चारपर्यंतची रग चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा सुजला किंवा जास्त दुखला तर आदल्या दिवशी जास्त झालं, निम्मं करा, बंद करू नका.

ताकदीसाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि हळू बसणं. आठ ते दहा वेळा, थोडी विश्रांती घेऊन तीन फेऱ्या, एक दिवसाआड. हे टाळू नका. पूर्ण पट्ट्यात केलेला ताकदीचा व्यायाम लवचिकताही जवळपास ताणण्याइतकीच वाढवतो, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. शेतकऱ्याला ते पटतंही लवकर, कारण त्यात काम केल्यासारखं वाटतं.

जमिनीपर्यंत जायचं ते पायऱ्यांनी. खुर्चीच्या उंचीवरून सुरुवात, मग बुटकं स्टूल, मग चौरंग, मग पाट आणि त्यावर गोधडीची जाड घडी, मग नुसता पाट. प्रत्येक उंचीवर दोन आठवडे, दिवसातला एक चहा तिथे बसून. पाठ भिंतीला, पाय आधी लांब, मग एक पाय दुमडलेला, मग अर्धी मांडी. पूर्ण मांडी आली नाही तरी अर्ध्या मांडीवर जेवण होतं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत जो फरक पडतो तो स्नायू लांब झाल्याचा नसतो. मेंदू त्या ताणाला घाबरायचं सोडतो, एवढंच. खरा बदल आठ ते बारा आठवड्यांत दिसू लागतो, आणि सोडून दिलं की हळूहळू जातो. अमळनेरकडचे एक अप्पा पहिल्या दिवशी म्हणाले होते, "माले खाले बठता येत नही." त्यांना अकरा आठवडे लागले. एका गुडघ्याचा एक्स-रे तेव्हाही खराब होता, आताही तेवढाच खराब आहे, पण ते पाटावर बसून जेवतात.

वेळ पहाटेची किंवा सूर्य बुडाल्यावरची. आखाजीच्या दिवसांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढेच असतो, दुपारी व्यायामाचा विचारही नको. उलट थंडीत धुळे-जळगावला पहाट चांगलीच गार असते, तेव्हा आधी पाच मिनिटं अंगणात फिरून अंग गरम करायचं.

आता तुमचं स्वतःचं. तुमची मान दुखते, पण माझा संशय पाठीच्या वरच्या भागावर आहे, दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या, मधे. तो भाग आखडला की वळण्याचं सगळं काम मानेवर येतं. गाडी चालवताना महामार्गावर मागून ट्रक येतोय का हे बघायला मान पुरती वळत नसेल तर हा विषय दुखण्याच्या पुढे गेला आहे. चादरीची घट्ट गुंडाळी करून फऱ्यांखाली आडवी घ्या, उताणे पडा, हात डोक्यामागे, आणि श्वास सोडत मागे रेला. गुंडाळी दोन बोटं वर, पुन्हा. मग कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागे उघडायचा. दहा-दहा वेळा. खुब्याच्या पुढच्या भागासाठी एक गुडघा जमिनीला, दुसरा पाय पुढे, कंबर आत ओढून पुढे सरकायचं. आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठायचंच, पाणी आणायला उठलात तरी चालेल. सूर्यनमस्कार घालत असाल तर उत्तम, घाला. पुढे-मागे वाकणं, खुबा, घोटा सगळं त्यात येतं. त्यात पीळ नाही आणि बाजूला झुकणं नाही, तेवढं वेगळं करा. क्रिकेट खेळायला जाता असं लिहिलंय, तर मैदानात उतरण्याआधी एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त धरून ताणू नका, त्याने जोर थोडा कमी होतो. धावणं, पाय झुलवणं, हात फिरवणं अशी चालती तयारी करा. आणि ताणल्याने दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं फारसं टळत नाही, त्या आशेने करू नका.

एक प्रश्न तुम्हाला विचारायचा आहे. सकाळी पाठ अर्ध्या तासाहून जास्त ताठ असते आणि हिंडल्या-फिरल्यावर सुटते, असं आहे का? रात्री उत्तररात्री पाठदुखीने जाग येते का? विश्रांतीने दुखणं वाढतं का? तीन महिन्यांहून जास्त असं चाललं असेल तर हे बैठ्या कामाचं आखडणं नसू शकतं. तुमच्या वयात मणक्याचा दाहक संधिवात असाच सुरू होतो, आणि तो ओळखायला बऱ्याच जणांची वर्षं वाया जातात. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. व्यायाम त्यातही लागतो, पण सोबत औषध लागतं.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, चोपडा-यावलचा सातपुड्याकडचा पट्टा, इथे सिकलसेल आहे, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. सिकलसेलमध्ये खुब्याच्या गोल हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते हाड आतून मरू शकतं. विशी-तिशीचा पावरा किंवा भिल्ल समाजातला मुलगा जांघेत दुखतं म्हणून येतो, मांडी घालता येत नाही म्हणतो, आणि पाय आतल्या बाजूला वळवला की कळवळतो. त्याला "आखडलंय, ताण" असं सांगणं फार मोठी चूक ठरते. अशा वेळी आधी एक्स-रे, गरज पडली तर एमआरआय, आणि सिकलसेलची रक्ततपासणी. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ही तपासणी सरकारी यंत्रणेतून होते. फार दारू पिणाऱ्यांत आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्यांतही खुब्याचं हे दुखणं होतं. गावोगावी अंगदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. तुमचे वडील अशी पुडी घेत असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल, ताप असेल, पायातली ताकद अचानक गेली असेल, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हे सगळं चालण्याच्या जागी करायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत, आणि ६५ च्या पुढे तोलाचे व्यायाम तीन दिवस. वडिलांचे श्रमाचे मिनिट शेतात केव्हाच भरतात. त्यांच्या खात्यात कमी आहे ती ताकद पूर्ण पट्ट्यातली, आणि मोकळीक. तुमच्या खात्यात तिन्ही कमी दिसतात, म्हणून दोघांनी पहाटे एकत्र सुरू करा. एकट्याला सांगितलं की ते "बघू" म्हणतील.

आखाजीपासून कानबाईपर्यंत साधारण तीन महिने हातात आहेत. त्यातले सुरुवातीचे दिवस शेताला जरा उसंत असते, तेव्हाच पहिल्या दोन पायऱ्या उरकून घ्या. पेरणी लागली की व्यायाम निम्मा होईल, तो निम्मा तरी चालू ठेवा. भिंतीवर पेन्सिलीने घोट्याच्या मापाची रेघ आणि तारीख लिहा. रोटांच्या दिवशी त्यांना भिंतीलगतची जागा द्या, खाली पाट आणि दुमडलेली गोधडी द्या, एक पाय लांब ठेवायचा असेल तर समोर ताटाच्या बाजूला जागा ठेवा. मधेच उठावंसं वाटलं तर कुणी टोकू नये, एवढं भाऊबंदकीला आधी सांगून ठेवा. आणि उठताना हात धरून ओढू नका. त्यांना आधी गुडघ्यावर येऊ द्या, एक पाय पुढे घेऊ द्या, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा.